'असावा'चं 'होता' कधी होतं?

स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या दफन-नोंदींत ११ ऑगस्ट १५९६ या तारखेपुढे लॅटिनमध्ये एवढंच लिहिलेलं आहे : हॅम्नेट, विल्यम शेक्सपिअरचा मुलगा. मुलगा ११ वर्षांचा होता. तो कशाने गेला, किती दिवस आजारी होता, बाप तेव्हा गावात होता की लंडनमध्ये, दफनाला पोचला की नाही, यांतलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. या मुलाविषयी शेक्सपिअरने लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही.

आता समजा, तुम्ही शेक्सपिअरचं चरित्र लिहायला घेतलंय आणि १५९६ सालापाशी येऊन थांबला आहात. पुढचं वाक्य काय लिहाल?

"ऑगस्ट १५९६मध्ये शेक्सपिअरच्या एकुलत्या एका मुलाचं दफन झालं."

"मुलाच्या मृत्यूने शेक्सपिअर खचला असावा."

"मुलाच्या मृत्यूने शेक्सपिअर खचला. काही वर्षांनी त्याने 'हॅम्लेट' लिहिलं ते या दुःखातूनच."

"रात्री उशिरा तो घरी पोचला. बायको दारातच उभी होती. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, 'कधी गेला?'"

पहिल्या वाक्याला नोंदीचा आधार आहे. दुसरं वाक्य अंदाज आहे आणि ते तसं कबूलही करतं. चौथं सरळसरळ रचलेलं आहे. कादंबरीत ते आलं तर माझी काहीच तक्रार नाही, चांगलं जमलं तर मी ते दोनदा वाचेन. मला भीती वाटते ती तिसऱ्याची. तोही अंदाजच आहे, पण त्याने माहितीचा पोशाख घातलाय. हॅम्लेट नावाच्या राजपुत्राची गोष्ट शेक्सपिअरच्या कितीतरी आधीपासून प्रचलित होती, आणि बापाचं दुःख त्या नाटकात किती उतरलं हे सांगणारा एकही कागद नाही. तरीही हे वाक्य वाचताना आपण थबकत नाही. बाप आहे, मुलगा गेलाय, दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे. मन लगेच हो म्हणतं.

खऱ्या माणसांच्या चरित्रांत खरं किती आणि रचलेलं किती, हा प्रश्न बहुतेक वेळा या तिसऱ्या वाक्याचा असतो.

धडधडीत खोटेपणा त्या मानाने विरळा, आणि बऱ्याचदा पकडला जातो. १९७१ साली क्लिफर्ड अर्विंग नावाच्या लेखकाने एका मोठ्या अमेरिकन प्रकाशकाला सांगितलं की, कुणालाही न भेटणारा अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज आपल्याला आत्मचरित्र सांगतोय. बनावट पत्रं, बनावट मुलाखती, सगळं तयार होतं. ह्यूज एकांत सोडून बाहेर येणार नाही, या भरवशावर हा डाव उभा होता. जानेवारी १९७२मध्ये ह्यूजने फोनवरून पत्रकारांना सांगितलं की या माणसाला मी ओळखतही नाही. अर्विंग तुरुंगात गेला. अशा प्रकरणांची बातमी होते, खटला होतो, निकाल लागतो. तिसऱ्या वाक्यावर कुणी खटला भरत नाही.

मग चरित्रकाराने फक्त पहिल्या जातीची वाक्यं लिहावीत का? तसं केलं तर हातात चरित्र येणार नाही, जंत्री येईल. माणसाचं आयुष्य कागदांवर सलग उमटत नाही. जन्म, लग्न, जमिनीचा व्यवहार, कोर्टातली तक्रार, मृत्युपत्र असे ठिपके उरतात आणि मधली जागा कोरी असते. शेक्सपिअरच्या जुळ्या मुलांचा बाप्तिस्मा १५८५चा, आणि लंडनच्या नाट्यजगात त्याचा पहिला ठळक उल्लेख १५९२चा. मधल्या सात वर्षांत तो काय करत होता याची जवळजवळ काहीच नोंद नाही. ही कोरी जागा लोकांनी मोकळी ठेवली नाही. कुणी त्याला शिक्षक केलं, कुणी वकिलाचा कारकून. एका जहागीरदाराच्या रानातली हरणं चोरल्यामुळे त्याला गाव सोडावं लागलं, ही सगळ्यांत रंगतदार गोष्ट नाटककार निकोलस रो याने १७०९मध्ये छापली. शेक्सपिअर १६१६मध्ये वारला होता. म्हणजे मृत्यूनंतर ९३ वर्षांनी.

चरित्रकार कागदाची पारख करतो ती अशाच प्रश्नांनी. हे कुणी लिहिलं? केव्हा? लिहिणारा तिथे हजर होता का? त्याला ते कुणी सांगितलं? आणि असं लिहिण्यात त्याचा काही फायदा होता का? त्या दिवशीचा अस्सल कागद, त्या काळातल्या माणसाने उतारवयात सांगितलेली आठवण, आणि दोन पिढ्यांनंतर लिहून काढलेली आख्यायिका, यांना एका तागडीत बसवता येत नाही. तरी अस्सल कागद म्हणजे सत्य, असंही धरून चालू नये. माणसं पत्रांत खोटं बोलतात, रोजनिशीतही बोलतात, आणि सरकारी अर्जात तर बोलतातच. कागद अस्सल असला तर एवढंच ठरतं की त्या दिवशी त्या माणसाने हे लिहिलं.

इथे मराठीचं एक देणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या भाषेत खात्रीच्या पायऱ्या क्रियापदातच कोरलेल्या आहेत. 'तो घरी होता' म्हणजे मला माहीत आहे. 'तो घरी असणार' म्हणजे माझी जवळजवळ खात्री आहे. 'तो घरी असावा' म्हणजे खुणांवरून मी तर्क करतोय. 'तो घरी असेल' म्हणजे शक्यता आहे, पैज लावणार नाही. आणि 'तो म्हणे घरी होता' म्हणजे मी ऐकलंय, खरंखोटं सांगणाऱ्याकडे. हा 'म्हणे' तर दोन अक्षरांची तळटीपच आहे. गप्पा मारताना कुणीही हे शब्द बिनचूक वापरतो. लिहायला बसलं की मात्र त्यांची लाज वाटू लागते. वाक्य कमजोर वाटतं, संपादक म्हणतो ठाम लिहा, आणि 'असावा' गळतो.

बहुतेकदा तो एका झटक्यात गळतही नाही. बाराव्या पानावर लेखक प्रामाणिकपणे लिहितो, 'या काळात त्याची त्या कवीशी भेट झाली असावी.' चाळिसाव्या पानावर येतं, 'त्या भेटीनंतर त्याची शैली बदलली.' शंभराव्या पानावर तो कवी त्याचा गुरू झालेला असतो. लेखक कुठेच खोटं बोललेला नाही, त्याने फक्त स्वतःच्याच अंदाजावर पुढचा मजला चढवला. नंतर दुसरा चरित्रकार येतो, शंभरावं पान उद्धृत करतो, आणि आता त्या गोष्टीला संदर्भही मिळतो. चरित्र वाचताना माझी एक सवय झाली आहे. एखादी गोष्ट फारच निर्णायक वाटली की मी मागे जाऊन ती पहिल्यांदा कुठे आली आणि कोणत्या क्रियापदासह आली, ते पाहतो.

सगळ्यांत निसरडी जागा संवादांची. चरित्रात अवतरणचिन्हं दिसली की आपण ती टेपरेकॉर्डरसारखी वाचतो. पण टेपरेकॉर्डर नसलेल्या काळातलं बोलणं पानावर आलं कुठून?

थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने ही अडचण सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगून टाकली. भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून एकूण आशयाला शक्य तितकं धरून त्या त्या प्रसंगी जे बोलणं योग्य वाटलं असतं ते मी घातलंय, असं त्याने लिहून ठेवलं. वाचकाशी केलेला हा करार सुमारे अडीच हजार वर्षं जुना आहे. पुढे जेम्स बॉस्वेलने सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज साहित्यिकाचं चरित्र लिहिलं, तेव्हा संवाद हाच त्या पुस्तकाचा प्राण झाला. दोघांची पहिली भेट १७६३ची, पुस्तक १७९१चं. बॉस्वेल भेटीनंतर टिपणं काढून ठेवत असे. ती टिपणं विसाव्या शतकात जुन्या वाड्यांतून सापडली आणि त्याची कामाची रीत उघड झाली. अनेकदा टिपणात दोन-चार तुटक शब्द असत, आणि त्यांवरून त्याने आठवणीच्या आधारे पूर्ण वाक्यं उभी केली होती. जॉन्सनचा आशय आणि त्याचा झोक बॉस्वेलने नेमका पकडला असेल, पण वाक्यं दोघांची मिळून आहेत.

आता कुणी म्हणेल, आठवण ताजी असेल आणि माणूस हुशार असेल तर एवढा काय फरक पडणार? याचं उत्तर अमेरिकेच्या राजकारणातल्या एका प्रसंगाने दिलंय, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी दडपण्याच्या प्रकरणात, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे कायदा सल्लागार जॉन डीन यांनी जून १९७३मध्ये सिनेट समितीपुढे साक्ष दिली. २४५ पानांचं निवेदन होतं. कित्येक महिन्यांपूर्वीच्या बैठकांत कोण काय बोललं, हे ते इतक्या तपशिलाने सांगत होते की लोक त्यांना चालताबोलता टेपरेकॉर्डर म्हणू लागले. पुढच्याच महिन्यात उघड झालं की निक्सनच्या कार्यालयात खरोखरच ध्वनिमुद्रण चालू होतं. नंतर टेप आणि साक्ष शेजारी ठेवून पाहायची सोय झाली. अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने ते काम केलं आणि १९८१मध्ये निष्कर्ष छापले.

१५ सप्टेंबर १९७२च्या बैठकीबद्दल डीन यांनी सांगितलं होतं की राष्ट्राध्यक्षांनी मला बसायला सांगितलं, माझ्या कामाचं कौतुक केलं, आणि हे श्रेय माझ्या एकट्याचं नाही असं मी उत्तर दिलं. टेपवरच्या बैठकीची सुरुवात अशी नव्हतीच. डीन यांनी निक्सनच्या तोंडी घातलेली ती वाक्यं तिथे नव्हती, आणि स्वतःच्या तोंडी घातलेलं विनयाचं वाक्यही नव्हतं. तरीही डीन मूळ मुद्द्यावर खरं बोलत होते. प्रकरण दडपलं जात होतं आणि राष्ट्राध्यक्षांना त्याची कल्पना होती, हे टेपनेही सिद्ध केलं. शपथेवर साक्ष देणारा, चांगल्या स्मरणाचा, जाणूनबुजून खोटं न बोलणारा माणूस, आणि मध्ये जेमतेम नऊ महिने गेलेले. गाभा खरा, संवाद रचलेले. तो संवाद रचला गेल्याचं खुद्द डीन यांनाही ठाऊक नव्हतं. तशी भेट व्हायला हवी होती, तशीच ती त्यांच्या मनात घडली.

मग ४० वर्षांपूर्वीच्या रात्री आजोबा काय बोलले, हे नातवंडाने चरित्रकाराला सांगितलं तर त्याचं काय करायचं? ते फेकून द्यायचं नाही. त्यात नातवंडाच्या मनातले आजोबा आहेत, आणि तीही चरित्राची सामग्री आहे. पण ते छापताना 'नातवाच्या आठवणीप्रमाणे' हे शब्द शेजारी हवेत.

एखादं वाक्य पिढ्यांच्या तोंडून फिरलं की काय होतं, याचं मराठी माणसाच्या सगळ्यांत जवळचं उदाहरण आहे 'गड आला पण सिंह गेला'. १६७०मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेताना प्राण दिले, याबद्दल वाद नाही. कृष्णाजी अनंत सभासद हे शिवछत्रपतींच्या पदरी राहिलेले. त्यांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला, १६९७च्या सुमारास, आपली बखर लिहिली. तिच्यात शिवछत्रपतींच्या तोंडी आहे : "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." या वाक्यात सिंह नाही. तानाजी हाच गड, असा त्याचा अर्थ. सिंह नंतर आला, आणि त्यावरून गडाचं नाव सिंहगड पडलं ही जोडही त्याबरोबर आली. प्रत्यक्षात सिंहगड हे नाव १६६३च्या पत्रातसुद्धा आढळतं. मला स्वतःला सभासदाचं वाक्य जास्त भिडतं. त्यात शब्दांचा खेळ नाही. एक माणूस गमावणं हे एक गड गमावण्याएवढं आहे, एवढाच हिशेब आहे. सभासदही त्या क्षणी शेजारी कागद घेऊन बसले होते असं नाही, त्यामुळे तेही वाक्य आशयापुरतंच धरायचं. पण ते घटनेच्या जास्त जवळचं आहे.

रचलेली वाक्यं हटवणं तारखा बदलण्यापेक्षा फार कठीण असतं. बखरींवरून शिवछत्रपतींचं जन्मवर्ष १६२७ मानलं जात होतं. १९१६मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी निघाली. तिला इतर पुरावे मिळत गेले, वाद झाला, बराच काळ चालला, आणि आज ती तारीख सर्वसाधारणपणे मान्य आहे. तारखेला कुणी कवटाळून बसत नाही. वाक्याला बसतात, कारण ते पाठ झालेलं असतं.

संवादाच्याही पलीकडे मन आहे. 'त्या क्षणी त्याला बालपण आठवलं.' 'तिने मनाशी निश्चय केला.' अशा वाक्याला आधार असूच शकत नाही असं नाही. त्या माणसाने पत्रात, रोजनिशीत किंवा मुलाखतीत तसं सांगितलेलं असू शकतं. पण आधार तेवढाच, दुसरा कुठलाही नाही. म्हणून असं वाक्य आलं की मी पुस्तकाच्या शेवटच्या टिपा उघडतो. तिथे पत्राची तारीख असेल तर लेखकावरचा विश्वास दुप्पट होतो. काहीच नसेल तर ते मन चरित्रनायकाचं नाही, लेखकाचं आहे.

हा मोह किती अनुभवी माणसालाही होतो हे एडमंड मॉरिस यांच्या गोष्टीवरून कळतं. थिओडोर रूझवेल्ट यांच्या चरित्रासाठी त्यांना पुलित्झर मिळालं होतं. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्षपदावर असतानाच मॉरिसना त्यांचे अधिकृत चरित्रकार म्हणून जवळून वावरण्याची मुभा मिळाली. अशी मुभा फार थोड्यांना मिळते. वर्षानुवर्षं काम करूनही रेगन नावाचा माणूस त्यांच्या हाती लागेना. शेवटी १९९९मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यात मॉरिस यांनी स्वतःचंच एक काल्पनिक रूप घुसवलं होतं. खरे मॉरिस केनियात १९४०मध्ये जन्मले. पुस्तकातला निवेदक मात्र रेगनच्याच पिढीचा, इलिनॉयमध्ये वाढलेला आणि तरुणपणापासून त्यांना पाहत आलेला आहे. काल्पनिक पात्रांना टिपाही दिलेल्या होत्या. यावर मोठं वादळ उठलं, आणि ते रास्तच होतं असं मला वाटतं. रेगनविषयी त्यात बरंच खरं, कष्टाने मिळवलेलं होतं. पण टिपासुद्धा बनावट असू शकतात हे कळल्यावर वाचक खऱ्या टिपेवर कसा विसंबणार? या माणसाचं अंतरंग मला कळलं नाही, हे वाक्य मॉरिस सरळ लिहू शकले असते. तीही त्या राष्ट्राध्यक्षाविषयीची मोठी माहिती ठरली असती.

ए. जे. ए. सायमन्स यांनी १९३४मध्ये नेमकं तेच केलं. फ्रेडरिक रोल्फ या विक्षिप्त लेखकाचं चरित्र लिहिताना त्यांनी शोधाचीच गोष्ट सांगितली. कोणतं पत्र कुणाकडे मिळालं, कोण काय म्हणालं, कुठे वाट बंद झाली, हे सगळं वाचकासमोर आहे. मोकळ्या जागा मोकळ्याच दिसतात, आणि पुस्तक रहस्यकथेसारखं वाचवतं. प्रामाणिकपणामुळे पुस्तक रुक्ष होतं, हा समज तिथे मोडतो.

आता कादंबरी आणि चित्रपट. इथे करार वेगळा असतो. चरित्रात्मक कादंबरी हातात घेताना वाचकाने रचलेल्या प्रसंगांना परवानगी दिलेली असते, आणि तिच्यामुळेच कितीतरी वाचक पुढे खऱ्या इतिहासाकडे वळतात. तरी परवानगीला मर्यादा आहे, आणि ती मला सालिएरीच्या बाबतीत ठळक दिसते.

अंतोनिओ सालिएरी हा व्हिएन्नाचा दरबारी संगीतकार. बेथोवन, शुबर्ट आणि लिस्ट त्याच्याकडे शिकले. मोझार्ट १७९१मध्ये वारला, आणि सालिएरीने त्याला विष दिलं अशी कुजबुज सालिएरीच्या हयातीतच सुरू झाली. तो १८२५मध्ये वारला. पाचच वर्षांनी रशियन कवी पुश्किनने या कुजबुजीवर नाटक लिहिलं, मग त्यावर ऑपेरा झाली. १९७९मध्ये 'अमेडिअस' हे नाटक रंगभूमीवर आलं आणि १९८४मध्ये त्याचा गाजलेला चित्रपट. आज जगात ज्यांनी सालिएरीचं नाव ऐकलंय, त्यांतल्या बहुतेकांच्या मनात तो मत्सराने जळणारा, सुमार वकुबाचा माणूस आहे.

आता कागद पाहू. विषाचा पुरावा नाही. मोझार्टचं शेवटचं उपलब्ध पत्र १४ ऑक्टोबर १७९१चं आहे, बायकोला लिहिलेलं. त्यात तो आनंदाने सांगतो की मी सालिएरीला माझ्या नव्या ऑपेराला घेऊन गेलो होतो, त्याने मनापासून ऐकलं आणि प्रत्येक जागेला दाद दिली. मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या धाकट्या मुलालाही सालिएरीने शिकवलं. १७८५मध्ये या दोघांनी आणखी एकाबरोबर मिळून रचलेलं एक गीत हरवलं असं समजलं जात होतं, ते अलीकडे प्रागच्या संग्रहालयात सापडलं. दोघांत चढाओढ नव्हती असं कुणी म्हणत नाही, एका दरबारात दोन संगीतकार असले की ती असतेच. पण चढाओढ आणि खून यांत अंतर आहे.

'अमेडिअस' कलाकृती म्हणून थोर आहे, हे मीही मानतो. तरी सालिएरी हा खरा माणूस होता. त्याचं नाव न बदलता, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट कृत्य कुणीतरी कल्पनेतून त्याच्या नावे जमा केलं. जिवंत माणूस निदान खुलासा काढू शकतो. मेलेल्याच्या वतीने बोलायला एक जुनं पत्र उरतं, आणि ते पत्र चित्रपटाच्या तुलनेत फारच थोडे लोक वाचतात. म्हणून मला वाटतं, रचनेचं स्वातंत्र्य घ्यावं, पण ते खऱ्या माणसावर गुन्हा लादण्यापाशी आलं की एक तर नाव बदलावं, नाही तर पुस्तकातच, ठळकपणे, काय रचलंय ते सांगावं. 'सत्य घटनेवर आधारित' ही ओळ यासाठी पुरत नाही. कोणती घटना, किती आधार, हे तीत काहीच नसतं.

इतका वेळ घातलेल्या गोष्टींबद्दल बोललो. वगळलेल्या गोष्टींचं काय? तिथे एकही खोटं वाक्य न लिहिता खोटं चरित्र लिहिता येतं.

'जेन एअर' या कादंबरीची लेखिका शार्लट ब्राँटी १८५५मध्ये वारली. वडिलांनी तिचं चरित्र लिहायला सांगितलं ते एलिझाबेथ गॅस्केल या तिच्या मैत्रिणीला. शार्लट तरुणपणी ब्रसेल्सला शिकत असताना तिथल्या एका विवाहित शिक्षकात गुंतली होती, आणि परतल्यावर तिने त्याला अतिशय आर्त पत्रं लिहिली. गॅस्केल ब्रसेल्सला जाऊन त्या शिक्षकाला भेटल्या. १८५७च्या चरित्रात त्या पत्रांतले निरुपद्रवी उतारे आले, गुंतणं आलं नाही. गंमत बघा, इतर काही मजकुरावरून कायदेशीर कारवाईच्या धमक्या आल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत तो बदलावा लागला. जे लिहिलं त्याची झाडाझडती त्याच वर्षी झाली, जे वगळलं ते ५६ वर्षं कुणाला कळलं नाही. १९१३मध्ये पत्रं छापली गेली. त्यांतली काही कधीतरी फाडलेली आणि पुन्हा जोडलेली आहेत. दोऱ्याचे टाके त्या कागदांवर आजही दिसतात.

मला गॅस्केलचा राग येत नाही. शार्लटचे वडील आणि नवरा दोघेही हयात होते, तो शिक्षक आणि त्याची बायकोही. जिवंत माणसांना जपणं हीही एक जबाबदारी आहे. पण त्या चरित्राने एक कर्तव्यनिष्ठ, सोशीक शार्लट उभी केली, आणि तीच पुढची कितीतरी वर्षं लोकांनी खरी मानली.

आपल्याकडे तर शब्दच अडचण करतो. चरित्र आणि चारित्र्य एकाच मुळातून आले आहेत. त्यामुळे चरित्र लिहिणं म्हणजे चारित्र्याचा दाखला देणं, अशी अपेक्षा न बोलता तयार असते. कुटुंबीय कागद देतात ते याच अपेक्षेने. गौरवग्रंथात अडचणीची पत्रं येत नाहीत. शब्दांकन केलेल्या आत्मचरित्रात शब्द एकाचे, 'मी' दुसऱ्याचा, आणि काय वगळलं हे फक्त त्या दोघांना ठाऊक.

पण मराठीत चरित्रलेखनाची सुरुवात फार वेगळ्या पद्धतीने झाली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून, विचारून. त्यांतून लीळाचरित्र तयार झालं. मूळ पोथी पुढे हरवली. मग ज्यांच्या स्मरणात ती होती त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून काढली गेली, आणि एकाची आठवण दुसऱ्यापेक्षा वेगळी निघाली तर ती कुणाची, हे नावानिशी नोंदवलेलं सापडतं. ही माणसं भक्त होती. ज्याच्याविषयी लिहायचं तो त्यांच्या दृष्टीने परमेश्वर होता. तरी दोन आठवणी जुळल्या नाहीत म्हणून त्यांनी एक गुळगुळीत तिसरी तयार केली नाही.

प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराचाही एक असाच क्षण मला आवडतो. अथेन्सचा कायदेकर्ता सोलन आणि लिडियाचा राजा क्रीसस यांच्या भेटीची गोष्ट सांगताना तो थांबतो आणि कबूल करतो की काही लोक कालगणनेवरून ही भेट अशक्य ठरवतात. मग म्हणतो, इतकी प्रसिद्ध, आणि सोलनच्या स्वभावाला इतकी शोभणारी गोष्ट मी त्यासाठी सोडणार नाही. निर्णय चुकीचा असेलही. पण शंका काय आहे आणि ती बाजूला का सारली, हे दोन्ही त्याने वाचकाच्या हातात दिलं, त्यामुळे आज आपण त्याच्याशी वाद घालू शकतो.

२०२१मध्ये अँथनी बोर्डेन या शेफ-लेखकावरचा माहितीपट आला. बोर्डेन २०१८मध्ये वारला होता. त्याने मित्राला लिहिलेल्या एका ईमेलमधली वाक्यं माहितीपटात त्याच्याच आवाजात ऐकू येतात. तो आवाज संगणकाने तयार केलेला होता. वाक्यं त्याची होती, त्याने ती लिहिली होती, पण ती त्याने कधी मोठ्याने म्हटलेली नव्हती. माहितीपटात हे कुठे सांगितलेलं नव्हतं, दिग्दर्शकाच्या मुलाखतीतून ते बाहेर आलं. अशी आणखीही वाक्यं आहेत आणि ती कोणती हे प्रेक्षकाला कळणार नाही, असंही तो म्हणाला. त्या माहितीपटात बोर्डेनचा खराखुरा, ध्वनिमुद्रित आवाज कितीतरी ठिकाणी आहे. आता तो ऐकतानाही थांबावं लागतं.